कपाळावरचा उजेड

माणसाच्या कपाळावर काय काय असतं याची यादी करायला बसलो, तर गंध, कुंकू, आठ्या, सर्दीचा बाम आणि नशीब इथपर्यंत येऊन माझी गाडी थांबायची. या यादीत दिव्याची भर घातली ती आमच्या चिरंजीवांनी. रविवारी सकाळी मी पेपर वाचत असताना ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, मला हेडलॅम्प हवाय."

मला वाटलं, स्कूटरचा. आमच्या स्कूटरचा पुढचा दिवा गेले सहा महिने डावीकडच्या झाडांवरच उजेड पाडत असतो. म्हणून मी म्हटलं, "हो रे, मेकॅनिकला सांगतो उद्या."

"स्कूटरचा नाही हो. माझ्या डोक्याचा!"

"द्या, द्या," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याच्या डोक्यात उजेड पडणार असेल तर पैशाकडे बघू नका."

पण पैशाकडे बघणं हाच तर माझा धंदा. गेली वीस-बावीस वर्षं मी बँकेत बसून लोकांच्या पैशाकडे बघतोय. दिव्याची किंमत चार हजार सातशे रुपये. रिचार्जेबल, पाण्याने न बिघडणारा आणि एक हजार ल्युमेन उजेड देणारा. चिरंजीवांना कॉलेजच्या मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर जायचं होतं, आणि तेही रात्री. रात्रभर चढायचं आणि पहाटे कोकणकड्यावर पोचायचं, असा बेत होता.

"दिवसा का नाही चढत?" मी विचारलं.

"दिवसा ऊन लागतं."

या उत्तरावर मी कपाळाला हात लावला. त्या जागी अजून दिवा नव्हता म्हणून तो लावता आला.

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हां कॉमर्सवाल्यांना एखादी वस्तू घ्यायची म्हटलं की ती चांगली की वाईट हे आधी सुचत नाही. भांडवली खर्च की महसुली, एवढंच आधी सुचतं. शिवाय मला एक खोड आहे. कुठल्याही वस्तूचं जुनं खातं उघडून पाहिल्याशिवाय मी नवीन नोंद करत नाही. तेव्हा "घेऊ या की नको ते आठवड्याने सांगतो" असं म्हणून मी डोक्यावरच्या दिव्याचा इतिहास वाचायला घेतला. चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. लाच घेण्यापेक्षा वाचन करणारा बाप जास्त त्रासदायक, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

डोक्यावरचा दिवा मी पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, लग्नाच्या वरातीत. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर भगभगणाऱ्या गॅसबत्त्या घेतलेली माणसं. त्यांत बायकाही असायच्या. उजेड सगळा नवरदेवाच्या तोंडावर. ज्यांच्या डोक्यावर तो दिवा, त्यांचे चेहरे मात्र एकदाही दिसल्याचं मला आठवत नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा वरात बघूनच केली असावी. पण हा दिवा दुसऱ्यासाठी वाहायचा. स्वतःच्या कामासाठी स्वतःच्या डोक्यावर दिवा बांधला तो खाणीतल्या माणसाने.

आणि त्याची गरज सरळ होती. खाणीत दोन्ही हात कामाला लागतात. एका हातात दिवा धरला तर कुदळ कुणी मारायची? इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार ओल्या मातीचा गोळा टोपीवर थापायचे आणि त्यात मेणबत्ती रोवायचे. डोक्यावर माती आणि मातीत मेणबत्ती! वाढदिवसाचा केक डोक्यावर घेऊन माणूस जमिनीच्या पोटात उतरतोय असं ते चित्र मला दिसलं आणि हसू आलं. ते पुढच्याच पानावर मावळलं.

कारण त्या खाणी तांब्या-कथलाच्या होत्या, तिथे मेणबत्ती चालून जायची. कोळशाच्या खाणीत मिथेन वायू असतो. तो हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला की एक ठिणगी पुरते. २५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंग या गावच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसं गेली. माणसं म्हणायचं, पण त्यांत लहान मुलंही होती. तेव्हा मुलं शाळेत जाण्याऐवजी खाणीत जात.

या दुर्घटनेनंतर लोक हादरले आणि सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला साकडं घातलं गेलं. हा डेव्ही म्हणजे तोच, ज्याने तरुणपणी हसवणारा वायू स्वतः हुंगून त्याचे प्रयोग केले होते. विनोदी लेखन करणाऱ्या माणसाला त्याच्याबद्दल थोडी भाऊबंदकी वाटणं साहजिक आहे. डेव्हीने १८१५ साली जो दिवा केला त्यातली युक्ती आमच्या सौ.ची चहाची गाळणी दाखवूनही समजावता येईल. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवायची. वायू जाळीतून आत येतो, आत जळतोही. पण जाळीचा धातू उष्णता शोषून घेतो, त्यामुळे ज्योत बाहेर येऊ शकत नाही. बस्स, एवढंच. डेव्हीने या दिव्याचं पेटंट घेतलं नाही. त्याच साली जॉर्ज स्टीफन्सननेही (तोच तो, रेल्वेच्या इंजिनाचा) असाच एक दिवा केला आणि मग दिवा आधी कुणाचा यावरून दोन्ही पक्षांत असं काही जुंपलं की आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेची आठवण व्हावी.

आता वाचकहो, कुणालाही वाटेल की सुरक्षित दिवा आल्यावर खाणीतले मृत्यू झपाट्याने कमी झाले असतील. मलाही वाटलं. मी तर तसा निष्कर्ष वहीत लिहूनही टाकला होता. तो खोडावा लागला. पुढच्या काळात स्फोट होतच राहिले. का? तर वायू साचतो म्हणून ज्या जागा मालकांनी सोडून दिल्या होत्या, त्या आता 'सुरक्षित दिवा आहे ना' म्हणून पुन्हा उघडल्या गेल्या. शिवाय जाळीमुळे या दिव्याचा उजेड साध्या मेणबत्तीपेक्षाही कमी. जाळी फाटली, किंवा वाऱ्याच्या झोताने तापून लाल झाली, की सुरक्षितपणाही संपला. दिवा चांगला होता. पण चांगला दिवा हातात आल्यावर माणूस होता तिथेच राहिला नाही, आणखी आत गेला.

हे वाचून मी वही मिटली आणि शेजारच्या खोलीत पाहिलं. चिरंजीव मोबाईलवर हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचे फोटो बघत होते.

पुढचा इतिहास जरा भराभर सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडमध्ये टोपीला अडकवायचा, चहाच्या किटलीच्या नात्यातला वाटावा असा तेलवातीचा छोटा दिवा आला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्बाईडचा दिवा आला. कार्बाईड म्हणजे आंबे पिकवायला वापरतात आणि वापरू नये म्हणून बंदी आहे, तेच. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाईड; थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो भक्क जळतो. उजेड छान, पण ज्योत उघडी. १९१२ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या जेड या गावच्या खाणीत स्फोट होऊन ऐंशीहून जास्त माणसं गेली. ते पाहून जॉन रायन आणि जॉर्ज डाइक हे दोन खाण-अभियंते थेट थॉमस एडिसनकडे गेले. एडिसनने विजेच्या मोटारींसाठी एक बॅटरी केलेली होती. तिची छोटी आवृत्ती त्याने कामगाराच्या कमरपट्ट्याला लावली, तिथून पाठीवरून एक वायर वर नेली आणि टोपीवर बल्ब बसवला. हा दिवा पूर्ण पाळीभर चाले आणि पाळी संपली की पुन्हा चार्ज करता येई.

इथे मी खुर्चीतून उठलोच. "अरे, तुझा तो रिचार्जेबल दिवा शंभर वर्षांपूर्वीचा आहे!" मी ओरडलो.

"मग आता तरी घेऊ या ना," चिरंजीव म्हणाले.

त्यांच्या या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. पण एडिसनच्या दिव्याने मला वेगळंच काहीतरी आठवलं होतं.

नोकरीत नवा असताना माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात झाली होती. पुण्याचा माणूस मी. तिथे जाईपर्यंत कोळसा म्हणजे इस्त्रीवाल्याकडे असतो तो, एवढंच ज्ञान. आमच्या शाखेत तेव्हा अजून पितळी टोकनं होती. पैसे काढायचे तर स्लिप द्यायची, टोकन घ्यायचं, नंबर पुकारला की टोकन देऊन पैसे घ्यायचे. दर महिन्याला पेन्शन काढायला एक म्हातारबुवा यायचे. टोकन हातात दिलं की ते लगेच बाकावर जाऊन बसत नसत. तळहातावर ठेवून त्याचं वजन केल्यासारखं करत, मग उलटून नंबर वाचत, आणि मग जात. एकदा गर्दी नव्हती तेव्हा मी विचारलंच.

"काही नाही जी साहेब," ते म्हणाले, "माह्याकडे पण असेच होते. खाणीतल्या लॅम्परूममध्ये होतो मी, अठ्ठावीस वर्षं."

मग त्यांनी सांगितलं. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक नंबर असायचा. माणूस खिडकीशी येऊन आपलं टोकन देणार आणि त्याच नंबरची बत्ती घेणार. बत्ती कपाळावर, टोकन खिळ्यावर. पाळी संपली की बत्ती परत, टोकन परत. खिळ्यावर टोकन राहिलं तर याचा अर्थ एकच, की माणूस अजून खाली आहे.

"बत्ती आपली नसते साहेब. नंबर तेवढा आपला असते."

एका रात्री त्यांच्या खिळ्यावर एक टोकन राहिलं. पाळीतली सगळी माणसं वर आली होती, निदान तसं सगळे म्हणत होते. पण बत्ती आली नव्हती. म्हातारबुवांनी हाळी दिली. माणसं पुन्हा खाली उतरली आणि रात्रभर शोध घेत राहिली. पहाटे कुणीतरी त्या माणसाच्या घरी निरोप सांगायला गेलं. काय सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव करत गेलं. दार उघडलं, तर वीज गेलेली, घरात काळोख, आणि कोपऱ्यात खाणीची बत्ती उशाला टेकवून पोरगा दहावीचं गणित सोडवत बसलेला. बाप शेजारी घोरत होता. बत्ती त्याने गर्दीतून तशीच घरी आणली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय जी. सकाळी तो आला तर मी त्याच्या कानाखाली वाजवली. अन् मंग मीच रडलो." थोडं थांबून म्हातारबुवा म्हणाले, "पोराले गणितात अठ्ठ्याहत्तर पडले."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला.

असो. निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नाही हा आमचा नियम. म्हणून चिरंजीवांच्या एका मित्राचा तसलाच दिवा मी दोन दिवसांसाठी परीक्षेला आणला. पहिला शोध लागला तो असा की डोक्यावर दिवा असलेल्या माणसाने कुणाशी बोलू नये. बोलताना आपण समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, आणि एक हजार ल्युमेनही आपल्याबरोबर बघतात. सौ. डोळे मिटून म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करून बोला." एरवीही त्यांचं मत फारसं वेगळं नसतं. रात्री सोसायटीच्या पंपाच्या खोलीत व्हॉल्व्ह बघायला गेलो. वॉचमनने "कोण आहे?" म्हणून विचारलं, मी वळून पाहिलं, आणि तो मोटारीसाठी फाटक उघडायला धावला.

पण दोन्ही हात मोकळे राहण्याचं सुख काय असतं, तेही तिथेच कळलं. आयुष्यभर मी टॉर्च दातात धरून फ्यूज बसवत आलो. लाळ गळते, उजेड छताकडे जातो, आणि शेजारी उभं राहून टॉर्च धरणारं माणूस नेमकं दुसरीकडेच बघत असतं. निम्म्या संसारातली भांडणं टॉर्च कुठे धरायचा यावरूनच झालेली असतात. त्या खर्चाच्या मानाने चार हजार सातशे काहीच नाहीत.

आता हिशेबाचं बोलू. एक साधी मेणबत्ती सगळीकडे मिळून साधारण १२ ल्युमेन उजेड देते. म्हणजे हजार ल्युमेन म्हणजे ऐंशीएक मेणबत्त्या कपाळावर. हे शक्य झालं दोन शोधांमुळे. एक, १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी. दुसरा, नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तयार केलेला प्रखर निळा एलईडी. त्यावर पिवळ्या द्रव्याचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. एलईडीला २०१४ साली आणि बॅटरीला २०१९ साली नोबेल मिळालं. चार हजार सातशे रुपयांत दोन नोबेल पारितोषिकं कपाळावर बांधायला मिळतात, आणि मी एकेका पदवीधर अर्जदाराचं कर्ज कपाळावर आठ्या घालून नामंजूर करत होतो. फ्रान्सच्या पेट्झल कंपनीने २००० साली एलईडीचा जो छोटा दिवा काढला, त्याचं नाव तर 'टिक्का'. नावापुरता तरी तो आपल्याच कपाळासाठी केलेला वाटतो.

पण जाहिरातीतले हजार ल्युमेन हे आमच्या बँकेच्या 'दर साल ...पर्यंत व्याज' या वाक्यासारखेच. खरी मेख त्या 'पर्यंत'मध्ये. पूर्ण झोतावर दिवा इतका तापतो की काही मिनिटांत तो स्वतःच उजेड कमी करतो. आणि न केला तर बॅटरी संपते. चालायला दोनशे-तीनशे ल्युमेन पुष्कळ होतात. शिवाय काळोखाला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, तो सराव एका झोतात मोडतो. म्हणून तांबडा मंद दिवा असलेला घ्यावा. बॅटरी काढून बदलता येईल असाच घ्यावा, कारण काहीशे वेळा चार्ज झाल्यावर तिचा जोर उतरतो आणि डोंगरात भिंतीला प्लग नसतो. हे सगळं मिळून तीनशे ल्युमेनचा दिवा बाराशे रुपयांत मिळाला. साडेतीन हजार वाचले. चिरंजीवांचा चेहरा उतरला, पण दिवा हातात आला तसा पुन्हा चढला.

मी दोन अटी घातल्या. एक, नळीची वाट रात्री नाही. रुळलेल्या वाटेने जायचं, आणि माहितगार बरोबर घेऊन. डेव्हीच्या दिव्याची गोष्ट मी पुन्हा पूर्ण सांगायला लागलो, तेव्हा ही अट त्यांनी तातडीने मान्य केली. दुसरी अट ऐकून मात्र ते हसले. दाराशेजारी किल्ल्यांचा खिळा आहे, त्यावर दिवा टांगायचा. दिवा न्यायचा तेव्हा त्या जागी पुठ्ठ्याची एक चकती अडकवायची. मी ती डब्याच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवून कापली होती आणि त्यावर '१' असा नंबर घातला होता.

"बाबा, एकच दिवा आहे. नंबर कशाला?"

"एकच मुलगा आहे म्हणून," सौ. म्हणाल्या. वाचलं होतं मी, पण समजलं होतं त्यांना.

शनिवारी संध्याकाळी ते गेले. रविवारी रात्रीपर्यंत यायचे होते. साडेदहा वाजले, अकरा वाजले. फोन लागेना. बँकेत दहा रुपयांचा फरक आला की सगळी शाखा बसून राहते, हिशेब जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. तसे आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो. मी अधूनमधून खिळ्याकडे बघत होतो. त्या म्हाताऱ्या बुवांनी अठ्ठावीस वर्षं रोज, शेकडो खिळ्यांकडे कसं पाहिलं असेल?

पावणेदोनला जिन्यात पावलं वाजली. एसटी चुकली होती, फोनची बॅटरी संपली होती आणि दिव्याची मात्र शिल्लक होती. चिखलाने माखलेले चिरंजीव आत आले, आमच्याकडे वळले आणि आम्ही दोघांनीही डोळ्यांवर हात धरले.

"अंधारात काय बसलाय?" त्यांनी विचारलं.

कुणीच उत्तर दिलं नाही. सौ. पोळ्या गरम करायला उठल्या. त्यांनी दिवा काढला, खिळ्यावरची चकती उतरवून तो तिथे टांगला आणि चकती माझ्या हातात दिली. मी ती तळहातावर ठेवून क्षणभर तोलली, उलटून नंबर वाचला. बरोबर होता. दिवा एक, मुलगा एक. शिल्लक जुळली आणि आमची शाखा त्या दिवशी पहाटे दोन वाजता बंद झाली.